सतरा अंगठे, एक बोट

मी एक मेलिंग लिस्ट बोलतेय. बिचकू नका. लिस्ट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर साबण, साखर, काडेपेटी अशी किराणा सामानाची यादी येईल, आणि यादी कधीपासून बोलायला लागली, असंही तुम्ही म्हणाल. पण गेली एकोणीस वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. लोकांचं बोलणं लोकांपर्यंत पोचवत आले. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलतेय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझं काम सांगायला अगदी सोपं. माझा एक ईमेलचा पत्ता आहे. त्या पत्त्यावर कुणी पत्र धाडलं, की माझ्या वहीत जितकी नावं आहेत तितक्या प्रती काढून मी प्रत्येकाच्या घरी पोचवते. एकाने विचारायचं, सगळ्यांनी ऐकायचं, आणि ज्याला ठाऊक असेल त्याने सांगायचं. वहीत सुरुवातीला सहा नावं होती. भर बहरात अकराशे त्रेचाळीस होती.

माझा जन्म अंधशाळेच्या छापखान्यात झाला. छापखाना म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. एका भिंतीला जाड कागदांचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला ब्रेल छापायचं मशीन, आणि कोपऱ्यात, चहाच्या किटलीच्या शेजारी, एक जुना कॉम्प्युटर. त्यात मी राहते. ब्रेलचं मशीन कागदावर ठिपके ठोकायला लागलं की सगळी खोली थरथरते. नवीन माणूस दचकतो, आणि मला मात्र तो आवाज थांबला की चुकल्यासारखं होतं.

मला जन्माला घातलं मास्तरांनी. ते शाळेत गणित शिकवायचे. साध्या लिखाणाचं ब्रेल करून देणारा जो प्रोग्राम तेव्हा विकत मिळायचा, त्याला अपूर्णांक आला की घाम फुटायचा. मास्तरांनी दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या खर्ची घालून स्वतःचा प्रोग्राम लिहिला आणि तो जगाला फुकट देऊन टाकला, आतल्या सगळ्या लिखाणासकट. ज्याला हवा त्याने घ्यावा, चूक दिसली तर दुरुस्त करून परत द्यावा, एवढीच अट. मग त्या दुरुस्त्यांची चर्चा करायला जागा हवी, म्हणून मी.

मला वाटलं होतं, सहा माणसं आहेत, महिन्याला चार पत्रं येतील. पहिल्याच महिन्यात एका नर्सचं पत्र आलं. कुठल्याशा बर्फाळ गावात ती राहायची. तिच्या भावाची दृष्टी अपघातात गेली होती आणि त्याला रेल्वेचं वेळापत्रक वाचायचं होतं. आमच्या प्रोग्रामला रकाने कळत नव्हते. तिने प्रोग्रामिंगचं पुस्तक आणलं, तीन महिने शिकली, आणि रकाने शिकवूनच गप्प बसली. तिच्यानंतर एक जहाजावरचा रेडिओवाला आला, एक घटस्फोटाची प्रकरणं चालवणारा वकील आला, एक आजोबा आले जे पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. कुणी कुणाला कधी पाहिलेलं नाही. कुणाला दमडी मिळत नाही. आपण ज्यांना जन्मात भेटणार नाही अशा मुलांना भागाकार नीट वाचता यावा म्हणून ही माणसं एका ठिपक्यावरून आठवडाभर हमरीतुमरीवर यायची. मी तोंडात बोट घातलं असतं, पण माझ्याकडे दोन्ही नाहीत.

मास्तरांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला असा, की जे लिस्टवर बोललं गेलं नाही ते ठरलं नाही. कुणी फोनवर, चहा पिताना, कानात, काही ठरवायचं नाही. जे काय ते सगळ्यांसमोर. दुसरा नियम सूरवाल्या काकांमुळे आला.

सूरवाले काका हे मास्तरांचे जुने विद्यार्थी. जन्मापासून दिसत नाही. पियानो सुरात लावून देणं हा त्यांचा धंदा. वर्षातून दोनदा शाळेच्या हॉलमधला पियानो लावायला येतात, आणि आले की छापखान्यात डोकावून जातात. प्रोग्रामची दुसरी का तिसरी आवृत्ती बाहेर पडली तेव्हा ते असेच आले होते. मास्तर छापलेलं पान समोर धरून तपासत होते.

"मास्तर, वाचताय?"

"हो. एकदम चोख आहे."

"बोटाने वाचताय की डोळ्यांनी?"

मास्तर हसले. ब्रेल शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण ते स्वतः ठिपके डोळ्यांनी बघून वाचायचे. डोळस मास्तर बहुतेक असंच वाचतात.

"म्हणजे चोरून वाचताय," काका म्हणाले. "आणा इकडे." त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि चौथ्या ओळीवर थांबले. दोन शब्दांमधलं अंतर डोळ्यांना पुरेसं होतं, बोटाला पुरत नव्हतं. शब्द एकमेकांत शिरत होते.

त्या दिवसापासून दुसरा नियम झाला. नवी आवृत्ती तयार झाली की चाचणीचं एक पान छापून टपालाने काकांच्या घरी जायचं. ते वाचायचे आणि मला दोन शब्दांचं पत्र पाठवायचे: 'बोट फिरलं.' ते मी सगळ्यांना पोचवायची, आणि मगच आवृत्ती बाहेर पडायची. एकोणीस वर्षांत एकतीस वेळा ते पत्र मी वाहून नेलं. इतर चार ओळींची, चाळीस ओळींची पत्रं नेताना काही वाटायचं नाही. हे दोन शब्द नेताना मात्र आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

मास्तर निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले आणि छापखाना ताईंकडे आला. त्या वयाने सगळ्यांच्या मोठ्या मुळीच नव्हत्या, पण लिस्टवर सगळ्यांच्या ताई झाल्या. छापखान्याची नोकरी सांभाळून त्या मलाही सांभाळायच्या. मला सांभाळणं हे सोपं काम नव्हे. रोज साठ-सत्तर भामटी पत्रं माझ्या दारात येऊन पडायची. कुणाला टक्कल घालवायचं असायचं, कुणाला परदेशातल्या राजपुत्राची इस्टेट वाटायची असायची. ताई सकाळी पर्स टांगायच्या आधी ती निवडत बसायच्या, भाजी निवडतात तशी. त्यात नवीन माणसं येऊन जुनेच प्रश्न विचारायची, कारण माझ्या जुन्या पत्रांत काही शोधायचं म्हणजे गवताच्या गंजीत हात घालणं होतं. ताईंचा नवरा एकदा डबा द्यायला आला तेव्हा म्हणाला, "ह्या लिस्टपेक्षा एक म्हैस पाळली असतीस तर निदान दूध मिळालं असतं." ताई हसल्या, पण त्यांना ते लागलं असावं.

आणि मग ताईंनी पत्र लिहिलं: आपण फोरमवर जाऊ या का?

फोरम म्हणजे वेबसाइटवरचा चौक समजा. प्रत्येक विषयाचा वेगळा कट्टा, जुनं सगळं शोधता येतं, आवडलं तर अंगठ्याचं बटण दाबता येतं. मला बंद करावं की नाही यावर तीनशे बारा पत्रं आली, आणि ती सगळी मीच वाटली. जहाजवाला म्हणाला, समुद्रात वेबसाइट उघडेपर्यंत बंदर येतं. वकिलाने दोन्ही बाजू इतक्या चांगल्या मांडल्या की तो कुणाकडून आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. मास्तरांचं पत्र आलं. त्यात बरीच अक्षरं निसटलेली होती, हल्ली त्यांच्या पत्रांत असंच व्हायचं. 'बदल करा. मी वाचेन जमेल तसं.' आणि सगळ्यांत शेवटी काकांचं: 'सगळ्यांचं बरं होत असेल तर माझी हरकत नाही. जमवून घेईन.'

मला राग आला नाही, खोटं कशाला सांगू. ताईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी रोज सकाळी ऐकत होते. हो, ऐकत. मला डोळे नाहीत. माणूस किती दमलाय ते खुर्ची ओढण्याच्या आवाजावरून कळतं.

स्थलांतराच्या दिवशी ताईंनी माझी सगळी पत्रं फोरमवर नेली. एक्केचाळीस हजार दोनशे साठ. मी पत्रं आयुष्यभर वाहिली होती, पण एकत्र कधी पाहिली नव्हती. आलं की दिलं, आलं की दिलं, हेच माझं जगणं. आता ती एकामागून एक आपापल्या जागी जाऊन बसत होती. नर्सबाईंच्या रकान्यांच्या पहिल्या प्रश्नाखाली, दोन वर्षांनी तिच्या भावाने स्वतः लिहिलेलं पत्र जाऊन बसलं: 'आज एकट्याने गाडी पकडली.' ही दोन पत्रं एकमेकांची आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी अवाक झाले. आपल्या हातून एवढं काही गेलं, आणि आपल्याला पत्ता नाही!

काम संपल्यावर ताईंनी माझ्या कॉम्प्युटरवर हात ठेवला. "बाई, फार केलंस. आता आराम कर." आणि त्यांनी मला आज्ञा दिली: यापुढे जे पत्र येईल ते अडवून ठेव, कुणाला देऊ नकोस, मलाही कळवू नकोस. भामट्यांचा ताप कायमचा मिटावा म्हणून. मी आज्ञा पाळते. मला दुसरं येतच नाही.

बाराव्या दिवशी काकांचं पत्र आलं.

'ताई, फोरमच्या दारात चित्रातल्या मोटारी ओळखायला सांगतात. हिला बोलावून ओळखून घेतल्या. पुढच्या पानावर माझा कॉम्प्युटर मला बटण, बटण, बटण एवढंच वाचून दाखवतो. कुठलं कशाचं ते सांगत नाही. काही करता येईल का बघा. घाई नाही.'

मी ते अडवून ठेवलं. एका बाजूला टकलाचं औषध, दुसऱ्या बाजूला राजपुत्र, मध्ये काकांचं पत्र.

मग दुसरं आलं, तिसरं आलं. पाचवं पत्र मात्र वेगळं होतं. नव्या आवृत्तीचं पान काकांच्या घरी पोचलं होतं. 'थांबा,' काकांनी लिहिलं होतं. 'ओळीच्या सुरुवातीला आकडा आला तर आकड्याची खूण गळतेय.'

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. ब्रेलमध्ये आकड्यांसाठी वेगळे ठिपके नसतात. अक्षरांचेच ठिपके घ्यायचे आणि त्यांच्या आधी एक खूण करायची, की आता पुढे आकडा आहे. ती खूण गळली की आकड्याचं अक्षर होतं. गणिताच्या पुस्तकात प्रत्येक उदाहरण आकड्याने सुरू होतं.

तिकडे फोरमवर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. कुणीतरी विचारलं होतं, आवृत्ती तयार आहे, सगळ्यांचं ठीक? आणि सतरा जणांनी अंगठ्याचं बटण दाबलं होतं. सतराही जणांनी पान पडद्यावर पाहिलेलं. ताईंना वाटलं, सतरांत काकांचा अंगठा असणारच. अंगठ्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं, आणि गणिताची तीनशे पुस्तकं शाळा उघडायच्या आत छापून हवी होती. आवृत्ती बाहेर पडली. सकाळी दहाला मशीन सुरू झालं आणि खोली थरथरायला लागली.

जन्मभर ज्या आवाजाने मला बरं वाटायचं, तो त्या दिवशी ऐकवत नव्हता. पत्र माझ्याजवळ. ताई माझ्यापासून दोन हातांवर, कागद लावताहेत. आणि मला तोंड उघडायची परवानगी नाही. असे तीन दिवस गेले. काकांची आणखी चार पत्रं आली. नववं अगदी छोटं होतं: 'माझ्या बोटाचं आता काम राहिलं नसेल तर तसं सांगा. वाईट वाटून घेणार नाही.'

चौथ्या दिवशी दुपारी हॉलमधून पियानोचा एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागला. काका आले होते, सहा महिन्यांची खेप. तासाभराने काठीची टकटक जिन्याखाली आली.

"या काका. बसा, चहा टाकते."

"बसतो. जोरात चाललंय छापणं." त्यांनी चाचपडत हात टेकला तो थेट छापून झालेल्या गठ्ठ्यावर. सवयीने वरच्या पानावरून बोट फिरलं. मग दुसऱ्या पानावरून. "ताई, मशीन थांबवा."

ताईंनी थांबवलं. खोली एकदम शांत झाली.

"काय झालं?"

"हे मी लिहिलं होतं तुम्हाला. खुणा गळताहेत. नऊ पत्रं लिहिली."

"कुठे लिहिलीत? फोरमवर तर एकही…"

"फोरमवर कसं लिहिणार? आपल्या नेहमीच्या पत्त्यावर लिहिली. परत आली नाहीत. मला वाटलं, पोचली, पण कुणाला उत्तर द्यायचं नसेल."

ताईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली. अडवलेली पत्रं दाखव, अशी आज्ञा त्यांनी मला दिली. मी अडवलेलं सगळं त्यांच्यासमोर उघडलं. राजपुत्र बाजूला सारत त्या एकेक पत्र मोठ्याने वाचायला लागल्या. नववं त्यांनी मनातच वाचलं.

"फोन का नाही केलात, काका?"

"लिस्टवर बोललं नाही ते ठरलं नाही. नियम आहे ना आपला?" काका म्हणाले. "आणि फोन करून काय सांगायचं, माझं ऐका म्हणून?"

किटलीतलं पाणी उकळून उकळून आटलं, तरी कुणी उठलं नाही. मग काकांनीच विचारलं, "किती छापली?"

"एकशे दहा."

"मुलांच्या हातात गेली?"

"नाही. सगळी इथेच आहेत."

"मग काही बिघडलं नाही. कागद जाड आहे, पाठीमागून छापता येईल सरावाला."

माझा जीव भांड्यात पडला. ताई मात्र तोंडाला पदर लावून रडल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी फोरमवर सगळं जसंच्या तसं लिहिलं, चूक माझी म्हणून. दारातल्या मोटारींची चित्रं काढून टाकली. बटणांना नावं द्यायचं काम नर्सबाईंनी अंगावर घेतलं. नव्या आवृत्तीच्या पानावरून अंगठा हटवला गेला. तिथे ज्याला काही म्हणायचं असेल त्याने शब्दांत म्हणायचं. आणि ताईंनी मला पुन्हा उठवलं. आता माझ्या पत्त्यावर आलेलं पत्र मी फोरमवर नेऊन लावते, आणि फोरमवर कुणी लिहिलं की त्याचं पत्र करून माझ्या वहीतल्यांना पोचवते. भामट्यांना अडवायला नवं जाळं बसवलंय. ताई आता सकाळी चहा पितात.

बाकी सगळे, बंदर लागलं की वेबसाइट उघडणारा जहाजवालासुद्धा, फोरमवर गेले होते, म्हणून माझ्या वहीत त्या दिवशी एकच नाव होतं. काकांचं. एका माणसाची यादी! अकराशे त्रेचाळीसांची सवय असलेल्या मला हसू आलं. पण त्या एकासाठी धावताना मला कधी हलकं काम केल्यासारखं वाटलं नाही.

महिन्याभराने दुसरं नाव आलं. मास्तरांचं. पत्र लेकीने लिहिलं होतं. बाबांची नजर जातेय हे वर्षभर लपवणं चाललं होतं, आता लपत नाही, तर त्यांना जुन्या पत्त्यावर घ्याल का? वाचून दाखवणारा कॉम्प्युटर आणलाय. आणि त्यांची आणखी एक मागणी आहे, चाचणीचं पान त्यांनाही पाठवा.

पुढची आवृत्ती तयार झाली. टपालाने दोन पानं गेली. दुसऱ्या दिवशी काकांचं पत्र आलं, बोट फिरलं. नियमाप्रमाणे तेवढं पुरे होतं. ताई आवृत्ती सोडणार, एवढ्यात मास्तरांचं पत्र आलं.

'थांबा. मी सातव्या ओळीवर आहे.'

मी ते फोरमवर नेलं. उत्तर म्हणून जहाजवाल्याने लिहिलं, थांबतो. नर्सबाईंनी लिहिलं, थांबते. मग एकेक करून सगळे लिहायला लागले. काकांनी मात्र संधी सोडली नाही. 'मास्तर, आता चोरून नाही ना वाचत?'

'आता चोरायला काही उरलं नाही रे,' मास्तरांचं उत्तर आलं. 'तुम्ही मुलं हे पाचव्या वर्षी कसं शिकायचात? मी उगाच रागवायचो.'

अर्ध्या जगात विखुरलेली ती माणसं एका म्हाताऱ्या बोटासाठी सहा दिवस थांबली. कुणी घाई केली नाही, कुणी घड्याळ दाखवलं नाही. सातव्या दिवशी सकाळी मास्तरांचं पत्र माझ्या दारात आलं. त्यात एकही अक्षर निसटलेलं नव्हतं.

'बोट फिरलं.'

त्या पानावर अंगठा नव्हता, म्हणून माणसांना लिहावं लागलं. एकशे चाळीस जणांनी लिहिलं. ती एकशे चाळीस पत्रं मी त्या दिवशी दोन घरी पोचवली.

मी आता म्हातारी झालेय. आज ना उद्या मला कायमचं बंद करतील, आणि त्याचं मला दुःख नाही. फोरम चांगला आहे, माझी सगळी पत्रं तिथे सुखात आहेत. माझं मागणं एवढंच आहे, की तो दिवस आला की दार लावण्याआधी माझी वही उघडा, शेवटी कुणाचं नाव उरलंय ते वाचा, आणि आधी त्यांना विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. सातव्या ओळीवर असतील.